पांढरी सहा

दर रविवारी दुपारी तीन वाजता सिकंदराबादच्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये बेचाळीस माणसं आपापली वाद्यं सांभाळत गप्प बसतात आणि हणमंतराव बिरादारांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडं बघतात. हणमंतराव पायांनी भाता भरतात, ते बोट पायपेटीच्या एका पांढऱ्या पट्टीवर ठेवतात आणि एक लांब सूर निघतो. पेटीवाले त्याला पांढरी सहा म्हणतात, विलायती संगीतवाले ए म्हणतात. मग बेचाळीस माणसं आपल्या तारा आणि नळ्या त्या सुराशी जुळवून घेतात. जगातल्या बाकी सगळ्या सिंफनी ऑर्केस्ट्रांत हा सूर ओबो नावाचं वाद्य देतं. हैदराबादच्या मुसी सिंफनीत तो पायपेटी देते. का देते, हे सांगायचं तर हणमंतरावांचं अर्धं आयुष्य सांगावं लागेल, आणि तेच सांगायला मी बसलो आहे.

हणमंतराव नल्लकुंट्यात राहतात, तिसऱ्या मजल्यावर, पत्नी इंदुताईंसह. मूळचे उदगीरकडचे. वडील हिश्श्याची जमीन भावावर सोपवून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. हणमंतराव वीज खात्यात बत्तीस वर्षं होते, मीटर तपासणीत. आपलं मीटर पळतंय असा संशय या शहरात प्रत्येकाला असतोच. तो खरा की खोटा हे ठरवायला हणमंतराव तपासणीचा डबा घेऊन घरोघर जात. त्यांनी पाहिलेलं मीटर दुसऱ्यांदा तक्रारीत आलं, असं खात्यात कधी झालं नाही. नव्या भरतीच्या लोकांना ते शिकवत, "मीटर पळायला लागलं की घरच्यांना कळत नाही. बाहेरचा माणूस यावा लागतो." हे वाक्य जरा लक्षात ठेवा. ते फिरून त्यांच्याच दारात येणार आहे.

१९९३ साली त्यांच्याकडं सिकंदराबादच्या जोसेफ सरांची तक्रार आली. सर गणित शिकवायचे आणि व्हायोलिन वाजवायचे. हणमंतराव पोचले तेव्हा भर दुपारी घरातले सगळे दिवे लागलेले, आणि बाहेरच्या खोलीत आठ-दहा माणसं व्हायोलिनं घेऊन दाटीवाटीनं बसलेली.

"मीटर भाग रा है, साब," सर म्हणाले.

हणमंतरावांनी अर्धा तास घालवला आणि निकाल दिला, "मीटर एकदम सही है, सर. बत्त्यां ज्यादा हैं तुमारे."

सर मोठ्यानं हसले. चहा आला. चहाबरोबर कळलं की सरांना शहरात सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करायचा आहे. चर्चमधली, रेल्वेतली, पोलीस बँडमधली माणसं जमवून व्हायोलिनं झाली, एक बासरीवाला झाला, विजय नावाचा रेल्वेतला पोरगेला क्लॅरिनेटवाला झाला. पण ओबो नाही, हॉर्न नाही, बॅसून नाही. बॅसून म्हणजे माणसाएवढी लाकडी नळी, आवाज प्रेमळ आजोबांसारखा, आणि ती वाजवणारा तेव्हा उभ्या शहरात एक नव्हता. हणमंतराव सहज बोलून गेले की आपल्या घरी पायपेटी आहे, आपण भजनाला वाजवतो.

"पाँवां से हवा भरते, वो वाली?" सर उठून उभेच राहिले. "फिर तो तुमारे दोनों हातां खाली रहते!"

तर अशी ही भरती. एका हातानं ओबो, दुसऱ्या हातानं बॅसून, आणि हॉर्नचा सूर आला की मोकळं असेल ते बोट. विलायती स्वरलिपी सरांनी त्यांना रात्रंदिवस घोकायला लावली, कारण विद्यार्थी गणिताच्या मास्तरच्या हाती सापडला होता. पेटी मात्र मामुली नव्हती. इंदुताईंचे वडील बिदरच्या एका शाळेत गाणं शिकवत. निवृत्त होताना शाळेनं त्यांना प्रार्थनेची जुनी पायपेटी देऊन टाकली, आणि त्यांनी ती मुलीच्या लग्नात कपाटाऐवजी दिली. देताना जावयाला एवढंच बजावलं की आत जर्मन पत्त्या आहेत, त्यांना कुणाला हात लावू देऊ नका. जावयानं शब्द पाळला. भाता फाटला तर शिवून घेतला, पायट्यांचे पट्टे बदलले, पण सुरांच्या पितळी पत्त्यांपर्यंत कुणाला पोचू दिलं नाही.

पहिल्या तालमीला पेटी टेम्पोतून गेली. चौदा माणसं होती. सर म्हणाले, "मास्टर, ए देना." हणमंतरावांनी पांढरी सहा दाबली. सरांनी खिशातून स्टीलचा दोन बोटांचा एक चिमटा काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी नेला, पेटीकडं बघितलं, हणमंतरावांकडं बघितलं, आणि चिमटा परत खिशात घातला. पुन्हा तो त्यांच्या हातात कधी दिसला नाही. हणमंतरावांना वाटलं, ही काहीतरी ख्रिस्ती रीत असेल. त्या दिवशी ते खुशीत होते. मास्टर अशी हाक त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मारली होती.

सरांचा एक नियम होता. जे वाद्य नाही, त्याची खुर्ची मात्र मांडायची. रिकाम्या खुर्चीवर पुठ्ठा ठेवायचा: इथं ओबो बसेल, इथं पहिला हॉर्न बसेल. त्या खुर्च्यांच्या मागं हणमंतरावांची पेटी. सुरुवातीला अशा नऊ खुर्च्या होत्या, आणि हणमंतराव त्या भरायच्या मागं लागले. मीटर तपासायला जिथं जातील तिथं चौकशी. कुठल्या कॉलनीत कोण हवाई दलातून निवृत्त झाला, कुणाच्या भिंतीवर कसलं शिंग टांगलंय. पोलीस बँडमधला ओबोवाला त्यांनीच शोधून काढला, त्याच्या मेहुण्याच्या मीटरवरून. नवा माणूस आला की हणमंतराव उठत, पुठ्ठा काढत, खिशातल्या रुमालानं खुर्ची पुसत आणि आपली पानं त्याच्या हातात देत. पानांवर पेन्सिलनं देवनागरीत लिहिलेलं असे: "इथं घाई नको", "इथं सगळे रडतात, आपण रडू नये". नव्या माणसाला बाकीचे समजावून सांगत. आपल्याच हातानं आपलं काम दुसऱ्याला देत सुटलेला असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणखी एक रिवाज होता, आणि तो हणमंतरावांना फार आवडायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी आला की तालमीआधी विजय त्याला फाटकाबाहेरच्या इराणी हॉटेलात चहाला घेऊन जाई. अगदी न चुकता. "विजयला माणसाची कदर आहे," हणमंतराव घरी सांगत.

बघता बघता मुसी सिंफनी शहराची झाली. दर जानेवारीत अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिचा कार्यक्रम होतो. तिकीट नाही, हार नाहीत, भाषणं नाहीत. बाजारातले हमाल पोती टेकवून ऐकतात, मुसी नदीपलीकडची कुटुंबं डबे घेऊन येतात, आणि शेवटी लहान मुलांना वाद्यांना हात लावू देतात. कुकटपल्लीच्या कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत वाजवणं झालं, सरकारी शाळांत झालं. एकदा शहरात दंगलीनंतरची संचारबंदी उठल्यावर आठवड्याच्या आत सरांनी पायऱ्यांवर कार्यक्रम ठेवला. पंचवीस माणसं वाजवायला आणि जेमतेम तेवढीच ऐकायला. पण ती नदीच्या दोन्ही काठांवरून आली होती, आणि त्या दिवशी समोरच्या पानवाल्यानं आपला रेडिओ आपण होऊन बंद केला.

जोसेफ सर कोरोनात गेले. अंत्यविधीला दहा माणसांपलीकडं परवानगी नव्हती, म्हणून ऑर्केस्ट्रा आपापल्या घरी बसून रडला. पुढं सरांची मुलगी ग्रेस हातात छडी घेऊन उभी राहिली आणि रविवार पुन्हा सुरू झाला.

दोन गोष्टींचं हणमंतरावांना अधूनमधून नवल वाटे. एक म्हणजे मुसी सिंफनीत व्हायोलिनच्या तारा फार तुटत. तालमीत एक तरी टण्णकन जायचीच. त्यांनी ते हैदराबादच्या उन्हावर ढकललं आणि तारा थंड कशा ठेवाव्यात यावर एक सूचनापत्रकही लिहून हॉलमध्ये लावलं. सगळ्यांनी ते आदरानं वाचलं. दुसरी गोष्ट, तीस वर्षांत ऑर्केस्ट्राबरोबर पियानो एकदाही वाजला नाही. सरांना पियानो आवडत नसावा, असं त्यांनी धरून टाकलं.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरापर्यंत नवातल्या आठ खुर्च्या भरल्या होत्या. उरली होती एकच, बॅसूनची.

आणि तेजश्री आली. पुण्याची मुलगी, जर्मनीत शिकायला गेली तिथं बॅसूनच्या नादाला लागली, आता नोकरीसाठी कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन राहते. पाठीवर लांबलचक पेटारा अडकवून मेट्रोनं आली. हणमंतरावांना मराठीतून बोलणारी बॅसूनवाली मिळाली म्हणजे काय मिळालं हे तुम्हीच समजा. त्यांनी खुर्ची एकदा सोडून दोनदा पुसली. एकतीस वर्षांची पानं तिच्या हातात दिली. शेवटची खुर्ची होती. उद्यापासून आपण काय वाजवायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो बाजूला सारला. सूर देण्याचं काम तर होतंच.

घात असा झाला की त्या दिवशी विजयची गाडी रस्त्यात बंद पडली आणि त्याला यायला उशीर झाला. तेजश्रीला चहाला कुणी नेलं नाही.

पांढरी सहा वाजली. तेजश्रीनं आपली नळी फुंकली, कपाळाला आठी घातली, वरची वाकडी नळी आत ढकलली, पुन्हा फुंकली. मग मोबाईल काढून पेटीवर ठेवला.

"काका, प्लीज परत एकदा?"

त्यांनी सूर दिला.

"काका, तुमची पेटी चढलेली आहे," ती म्हणाली. पुण्याच्या माणसाला वाटतं खरं सांगितलं की काम झालं. "थोडी नाही, जवळजवळ पाव सूर. हे बघा ना. माझं बॅसून एवढं वर जाणारच नाही. बाकीचे सगळे कसे काय वाजवतायत?"

बाकी सगळी माणसं जमिनीकडं बघत होती. हणमंतरावांनी मोबाईलवर वाकून पाहिलं. काटा मध्यापासून उजवीकडं, पार टोकाला टेकला होता. पळणाऱ्या मीटरचा काटा कसा दिसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेवढ्यात विजय धापा टाकत आत आला. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून त्याला काय ते कळलं.

"विजय," हणमंतराव म्हणाले, "तुझं वाद्य दाखव."

विजयनं क्लॅरिनेट पुढं केलं. तोंडाखालचं लाकडी नळकांडं एका बाजूनं कापलेलं होतं, करवतीचे दात अजून दिसत होते. त्यांनी ट्रम्पेटवाल्याकडं बघितलं. त्यानं मुकाट्यानं आपली पितळी नळी काढून दाखवली, तीही कापलेली. ओबोवाल्याची नळी आखूड केलेली. नळी आखूड झाली की सूर चढतो. व्हायोलिनवाल्यांना काही विचारावं लागलंच नाही. चढ्या सुरासाठी ताणून ताणून तारा का तुटतात ते हणमंतरावांना कळलं. पियानो का आला नाही तेही कळलं, त्याला कापून चढवता येत नाही. इराणी हॉटेलात चहावर विजय नव्या माणसाला काय बजावत असे, तेही कोडं सुटलं.

"क्या बोलना, मास्टर," विजय कसाबसा म्हणाला. "सर मना करे थे."

हणमंतरावांनी पेटीचं झाकण लावलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते घरी गेले. पेटी दुसऱ्या दिवशी टेम्पोनं मागवून घेतली.

पुढचे दोन रविवार ते गेले नाहीत. विजयचा फोन आला तर गुडघ्यांचं कारण सांगितलं. पायट्या मारवत नाहीत म्हणाले. इंदुताई शेजारीच भाजी निवडत होत्या.

"काल बाजारात तर गुडघे बरे होते," त्या म्हणाल्या. "असं का बसलाव? काय झालं ते तरी सांगा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. आपण एकतीस वर्षं एका ऑर्केस्ट्राला खोटा सूर दिला. लोकांनी आपल्यासाठी आपली वाद्यं कापली, आणि आपण त्यांना उन्हाची सूचनापत्रकं लिहून देत राहिलो. लोकांची मीटरं तपासत शहरभर हिंडलो आणि घरातलं पळत होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एक आपण सोडून. त्या हॉटेलात चहा पिताना किती हसले असतील. "आता त्या हॉलमध्ये माझं तोंड दाखवायचं नाही," ते म्हणाले. "शेवटची खुर्चीही भरली. बरंच झालं."

इंदुताईंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं.

"हसायचं असेल तर माणूस हसतो आणि घरी जातो," त्या म्हणाल्या. "हसण्यापायी कुणी स्वतःच्या वाद्याला करवत लावतं का?"

हणमंतरावांनी पेटीकडं बघितलं. पण झाकण उघडायला हात गेला नाही. वाचनालयाच्या पायऱ्यांवरचा कार्यक्रम चार आठवड्यांवर आला होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी दारात तेजश्री उभी. पाठीवर तोच लांब पेटारा. डोळे सुजलेले. चपला काढता काढताच बोलायला लागली, "काका, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. विजयदादांनी सगळं सांगितलं. आय मीन, मी मूर्खासारखी सगळ्यांसमोर..." इंदुताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, वर रव्याचे दोन लाडू दिले. ती जरा सावरली. "पण मी सोल्यूशन काढलंय, काका. ही वरची नळी असते ना, ती आखूड मागवलीय, जर्मनीहून. आणि तेवढ्यानं नाही झालं तर लाकूड थोडं कापून घेईन. विजयदादांच्या ओळखीचा एक लेथवाला आहे. तुम्ही फक्त परत या. तुमच्या पेटीशिवाय तिथं कुणी सूरच लावत नाहीये. ओबो समोर असून नुसते बसतात सगळे."

हणमंतराव ताडकन उठले. त्यांनी पेटारा उघडायला लावला. बॅसूनचे सूर त्यांनी आजवर फक्त पानं बघून पेटीवर वाजवले होते, बॅसून, इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तांबूस, गुळगुळीत, पॉलिश अंगाला मुरलेलं लाकूड. त्यावरून त्यांनी हात फिरवला.

"याला कापणार तू?"

"सगळ्यांनी कापलंच ना."

"आता कुणी काही कापायचं नाही, बाळा," ते म्हणाले. "मीटर पळत असलं तर मीटर दुरुस्त करतात. घराच्या भिंती पाडत नाहीत." मग त्यांना आठवलं आणि ते इंदुताईंकडं वळले. "पण तुझ्या बाबांना शब्द दिलाय. पत्त्यांना हात लावणार नाही म्हणून."

"बाबांच्या वर्गात पोरगं बेसूर गायलं तर बाबा उठाबशा काढायला लावायचे," इंदुताई म्हणाल्या. "ही पेटी त्यांची लाडकी म्हणून तिला काय माफी होती? घेऊन जा. बाबांचं मी बघते."

पेट्या दुरुस्त करणाऱ्या खलीलभाईंचं दुकान अफझलगंजच्या एका बोळात आहे, दोन माणसं उभी राहिली की भरतं. भाता त्यांनीच तीनदा शिवला होता. पेटी बघून त्यांनी चष्मा पुसला.

"सूर उतारना है," हणमंतराव म्हणाले. "पाव सूर चढेला है."

"मालूम है."

"तुमकू मालूम था?"

"बीस साल से," खलीलभाई शांतपणे म्हणाले. "आप पूछे नै, हम बोले नै."

हणमंतरावांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही. कुठल्या गावात राहतोय आपण, त्यांना वाटलं. इथं माणसाचं मन मोडू नये म्हणून अख्खं शहर चढ्या सुरात वाजायला तयार आहे.

चार दिवस काम चाललं. तेजश्री ऑफिसातून सुटली की मोबाईल घेऊन येई. पितळी पत्ती टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. पत्त्या शंभरावर होत्या, आणि एक जरी जास्त खरवडली गेली तरी ती गेलीच, जर्मन पत्ती आता कुठून आणणार. शेवटी पांढरी सहा राहिली. खलीलभाईंनी पोलादी टोचा हणमंतरावांच्या हातात दिला आणि स्वतः स्टूल सरकवून मागं बसले. बत्तीस वर्षं मीटरांचे बारीक काटे हाताळलेला हात तो, तसाच स्थिर राहिला. एकदा खरवडून त्यांनी सूर ऐकला, दुसऱ्यांदा खरवडून मोबाईलकडं पाहिलं. तिसऱ्या खेपेला काटा मधोमध आला आणि तिथंच थांबला. खलीलभाईंनी बोळातून चार चहा मागवले, चौथा पेटीच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाले, तो सासरेबुवांचा.

रविवारी हणमंतराव हॉलमध्ये आले तेव्हा बेचाळीस माणसं उभी राहिली. सोबत इंदुताई होत्या, त्या मागच्या बाकावर बसल्या. हणमंतरावांनी बोलायचं ठरवून आणलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. कागद हातातच राहिला.

"मेरे वास्ते तुम लोगां बहुत तकलीफ उठाये," ते म्हणाले. "मेरेकू पता नै था. माफ कर देव. अब्बी पेटी सही है. लेकिन तुमारे वाद्यां तो कट गये. अब क्या करना, वो मेरेकू समझ में नै आ रा."

विजयनं क्लॅरिनेटचा पेटारा उघडला. अस्तराखाली हात घालून एक रुमालाची पुरचुंडी काढली. रुमाल सोडला तर आत लाकडी नळकांडं, अखंड, एकाही ओरखड्याशिवाय. त्यानं कापलेलं काढलं आणि ते लावलं.

"मैं कापने के वास्ते दूसरा लिया था, मास्टर. असली वाला रख दिया."

ओबोवाल्यानं गोळ्यांच्या डबीतून आपली जुनी नळी काढली. हॉर्नवाल्यांच्याही पेटाऱ्यांतून काय काय निघालं. ट्रम्पेटवाल्याचा कापलेला तुकडा तेवढा कधीच हरवला होता. तो म्हणाला, मी नळी जरा बाहेर ओढून भागवतो, तुम फिकीर नक्को करो.

"एकतीस साल?" हणमंतराव म्हणाले. "कायकू संभाल के रखे?"

"सर बोले थे," विजय म्हणाला. "पहले दिन, चाय पे. बोले, सूर बाद में देख लेंगे, पहले आदमी कू बैठने दो. असली पुर्जे फेंको नक्को. मास्टर एक दिन खुद सुन लेंगे."

हणमंतरावांनी रुमाल काढला. खुर्ची पुसायचा रुमाल तो, पण आज त्यांनी तो डोळ्यांना लावला. सगळ्यांदेखत लावला आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

ग्रेस छडी ठेवून खाली उतरली. तिच्या हातात स्टीलचा तो दोन बोटांचा चिमटा होता, आपटला की अचूक ए देणारा. हणमंतरावांनी तो लगेच ओळखला. ती पेटीजवळ आली, "ए देना, मास्टर," म्हणाली. त्यांनी पाय चालवले आणि पांढरी सहा दाबली. ग्रेसनं चिमटा गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा पेटीच्या लाकडावर टेकवला. लाकडातून सूर आला. पेटीचा कुठला आणि चिमट्याचा कुठला, हणमंतरावांना वेगळं काढता येईना. त्यांनी डोळे मिटून घेतले. सरांनी पहिल्या दिवशी कानाशी धरलेला सूर हा होता. तो त्या दिवशी त्यांनी खिशात घातला, आणि हणमंतरावांना तेवढी जागा करून दिली.

ग्रेसनं चिमटा त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "डॅडी बोले थे, जिस दिन सूर मिल जाए, मास्टर कू दे देना."

हणमंतराव उठायला लागले. ओबो होता, बॅसून होतं, सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. त्यांनी मागच्या बाकाकडं बोट दाखवलं, इंदुताईंच्या शेजारची जागा.

"किधर मास्टर?" ओबोवाला म्हणाला. त्यानं आपलं वाद्य मांडीवर आडवं ठेवलं होतं. "हम लोगां वेट कर रहे ना."

तेजश्री आपल्या खुर्चीत बसून त्यांच्या मधल्या बोटाकडं बघत होती, बाकीच्यांसारखीच.

हणमंतराव पुन्हा बसले. पांढरी सहा दाबली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हॉलमधल्या सगळ्या खुंट्या उलट्या, सैल करायच्या बाजूला फिरल्या. तासाभरानं ग्रेसनं छडी खाली ठेवली तेव्हा मागच्या बाकावरून इंदुताईंनी हणमंतरावांना विचारलं, आज काही वेगळं वाटलं का?

त्या दिवशी एकही तार तुटली नव्हती.